शालिकराव आणि टीव्हीतला दारुडा

मागच्या महिन्यात मुंबईहून एका मॅडमचा फोन आला. वाहिनीच्या ऑफिसातल्या माणसांना बरोबर दुपारी जेवणाच्या वेळी फोन करायची खोड असते. समोरच्याच्या तोंडात घास असला की तो लवकर हो म्हणतो, असा त्यांचा अनुभव असावा. "तुमचा तो अविनाश अजून आमच्या डोक्यातून जात नाही," त्या म्हणाल्या. "नव्या मालिकेत तसाच एक दारुडा हवाय. एकदम खरा." मी सांगितलं की अविनाश मी एकट्यानं लिहिला नव्हता. इथे आर्वीत माझ्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या शालिकराव भोयरांनी तो मला शिकवला, आणि शालिकरावांना जाऊन आता वर्ष होत आलं. मॅडम म्हणाल्या, "अरेरे. दारूनंच का?" विचारण्यात दुष्टपणा नव्हता. कामाचा माणूस कामाचं विचारतो, तसं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, हार्ट अटॅक, झोपेत. ते त्यांना फारसं उपयोगाचं वाटलं नसावं. मी मात्र ताट झाकून ठेवलं, आणि तेव्हापासून शालिकराव डोक्यात येऊन बसले आहेत ते काही उठत नाहीत.

शालिकराव गावातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ग्रेडर होते. ग्रेडर म्हणजे कापूस पाहून त्याचा दर्जा सांगणारा. चिमूटभर रुई दोन अंगठ्यांच्या मध्ये धरायची, ओढायची, पुन्हा जोडून पुन्हा ओढायची, सरळ झालेले तंतू काळ्या पँटच्या मांडीवर ठेवायचे आणि लांबी सांगायची. आता या कामाला यंत्रं आली आहेत. पण यंत्रानं आकडा दाखवला तरी मालक आधी शालिकरावांच्या तोंडाकडे पाहायचा आणि मगच लिहून घ्यायचा. सहा फूट उंची, हडकुळी अंगकाठी, आणि दसऱ्यापासून होळीपर्यंत भुवयांवर कायम रुईचे कण. या माणसाला कुठेही बसवा, दोन मिनिटांत हाताला कापूस लागलाच पाहिजे. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा आईच्या देवघरातली वात उचलून त्यांनी ओढून पाहिली आणि म्हणाले, "देवाले इतका आखूड धागा देऊन राह्यला का तू?" पुढे एकदा माझ्या उशीच्या फाटक्या कोपऱ्यातून चिमूटभर काढून, "गादीवाल्यानं तुले फसवलं बापा," असा निकाल दिला. त्या उशीवर मी त्यानंतर कधी निवांत झोपलो नाही.

मी लॉकडाऊनमध्ये मुंबईची खोली सोडून आर्वीला परत आलो, तो राहिलोच. आई-वडील गेलेले, घर रिकामं, आणि मालिकेचे संवाद लिहायला मुंबईत बसावं लागत नाही हे सगळ्यांना एव्हाना कळलं होतं. मी मुंबईत असताना शेजारी राहायला आलेल्या शालिकरावांनी दारू सोडून तेव्हा चार वर्षं झाली होती. हे मला त्यांनीच सांगितलं, ओळख झाली त्याच दिवशी, पाण्याचा पेला खाली ठेवताना. कोणी आपलं गाव सांगावं, तसं सांगितलं. मी "वा" म्हणालो. ते म्हणाले, "वा काय त्यात? तू बी तं पेत नाई."

आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. नदीवरचा पूल ओलांडला की अमरावती जिल्हा लागतो, आणि तिथे दुकानांना पाट्या आहेत. त्यामुळे आमच्याकडे कोणी 'पुलावर गेलता' म्हटलं की पुढचं विचारायचं नसतं. ज्यांना पुलापर्यंत जायचा कंटाळा त्यांच्यासाठी गावातही सोय होते, ती कशी हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणालाच माहीत नसतं. एकदा एका शाळेनं व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमाला शालिकरावांना बोलावलं. पाहुण्या साहेबांनी अर्धा तास भाषण केलं, की आपल्या जिल्ह्यात दारू नाही याचा प्रत्येकाला अभिमान वाटला पाहिजे. मग शालिकराव उठले. "साहेबायनं सांगतलं, इथं दारू नाई," ते म्हणाले. "मंग मी वीस वर्षं काय पेत होतो, ते त्यायलेच इचारा," आणि खाली बसले. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मास्तरांनी पोरांकडे डोळे वटारले, आणि पुन्हा कोणत्याही शाळेनं त्यांना बोलावलं नाही. हा किस्सा ते हसत सांगत. पण एकदा असंच सांगता सांगता थांबले आणि म्हणाले, "पाह्य ना प्रशांत. जिल्ह्यात दारू नाई, म्हणून दारुडा नाई. अन् दारुडाच नाई, तं सोडणारा कुठून येईन?" पिणारे सोबती सुटले होते आणि न पिणारे कधी जोडलेच गेले नव्हते. लग्नाच्या पंगतीत लोक त्यांना वाढून पुढे सरकत. दर रविवारी ते एसटीनं वर्ध्याला जात. तिथे दारू सोडलेली सात-आठ माणसं एका खोलीत जमून आपापलं सांगत. आठवड्यात तेवढे दोन तास सोडले तर हा माणूस फार एकटा होता, आणि मला ते कळायला उशीर लागला.

टीव्हीचं सुरू झालं ते असं. माझ्या मालिकेत अविनाश नावाचा एक बँकेतला कारकून होता, आणि तो दारुडा होता. मी त्याला सगळे करतात तसा केला होता. हातात बाटली, कपाळावर केस, भिंतीला धरत चालणं, जीभ जड. भाग दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवशी शालिकराव अंगणातल्या भिंतीपलीकडून म्हणाले, "तुह्या त्या पोट्ट्याले चक्कर आलती का?"

"काकाजी, तो प्यालेला होता."

"नाई बापा. पेलेला माणूस हालत नाई. पेलेला माणूस न हालाची मेहनत करते."

मला समजेना, तेव्हा ते म्हणाले, थांब, दाखवतो. गल्लीतून माझ्या फाटकात आले आणि चालू लागले. इतकं सरळ चालताना मी कोणाला पाहिलं नाही. एकेक पाऊल ठरवून टाकत ओट्याशी आले. चपला काढल्या. वाकून त्या हातानं एकमेकींना लावून ठेवल्या, मग उगाच पुन्हा सारख्या केल्या. "नमस्कार प्रशांतजी," म्हणाले. ते मला कधी जी म्हणत नसत. "आज गरमी जास्त हाय, नाई?" शब्द सुटेसुटे, स्वच्छ, जणू प्रत्येक शब्द तपासून बाहेर सोडला जात होता. दुपारचे चार वाजले होते, ऊन होतं, आणि मी नकळत एक पाऊल मागे सरलो. त्याच वेळी फाटकाबाहेरून भांडं पडल्याचा आवाज झाला. सिंधुकाकू, म्हणजे त्यांची बायको, दुधाची गंजी घेऊन गल्लीत उभ्या होत्या, आणि ती गंजी आता जमिनीवर होती. काकू दुधाकडे पाहत नव्हत्या.

"अवं, दाखवून राह्यलो याले," शालिकराव घाईघाईनं म्हणाले. "टीव्हीसाठी."

काकूंनी गंजी उचलली आणि त्या घरात गेल्या. शालिकराव माझ्या ओट्यावर बराच वेळ बसून होते. माझ्या मनात तेव्हा काय चाललं होतं ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. चपलांचं ते सगळं लिहून ठेवायचं, विसरायच्या आत, एवढंच चाललं होतं.

मग अविनाश बदलला. तो सरळ चालू लागला, चपला लावून ठेवू लागला, बायकोला अहो-जाहो करू लागला. प्रेक्षक घाबरले आणि वाहिनी खूश झाली. शालिकराव रोज साडेआठला माझ्याकडे मालिका पाहायला येत. त्यांच्या घरी काकू तीच मालिका त्याच वेळी लावत असत. तुम्ही दोघं एकत्र का पाहत नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "तिच्या बाजूले बसून दारुडा पाहाले मले नाई जमत." भिंतीपलीकडून काकूंच्या टीव्हीचा आवाज आणि अलीकडे आमच्या टीव्हीचा आवाज, असे आम्ही तिघं पाहत असू. इतर मालिकांतले दारुडेही ते पाहत आणि कापूस पाहावा तसे निकालात काढत. "याचा धागाच नाई निंगत." "हा घरी दूध पेऊन आला हाय." एका गाजलेल्या नटाला तर त्यांनी पहिल्याच दृश्यात नापास केलं, कारण त्यानं पेला एका हातानं उचलला होता. ते म्हणाले, सकाळचा पहिला पेला एका हातानं तोंडापर्यंत जातच नाही. जिनिंगमध्ये सकाळी रुई ओढताना त्यांचे अंगठे थरथरायचे, म्हणून ते आधी पिऊन मग कामाला जात. हात थांबले की धागा बरोबर दिसायचा. वीस वर्षं मालकाला वाटत राहिलं की शालिकरावांचा हात म्हणजे दगड आहे.

अविनाशची दारू सोडायची वेळ आली तेव्हा वाहिनीच्या मॅडमशी फोनवर बैठक झाली. मी फोन मोठ्या आवाजात ठेवला होता आणि शालिकरावांना शेजारी बसवलं होतं. मॅडमना कारण हवं होतं. मुलीचा अपघात, देवापुढे शपथ, असं काहीतरी. त्यांनी शालिकरावांनाच विचारलं, "काका, तुम्ही ज्या दिवशी सोडली त्या दिवशी काय झालं होतं?"

"काई नाई झालं."

"तरी. काहीतरी घडलं असेल ना."

शालिकरावांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "मंगळवार होता," ते म्हणाले. "भाजीले वांगे होते."

मला हसू आवरेना. पण ते गंमत करत नव्हते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "कारणानं सुटत असती तं कधीचीच सुटली असती. पोरीच्या लग्नात पेलो मी. माय गेली तवा पेलो. याच्यापेक्षा मोठं कारण कोणतं आणू?" मालिकेत शेवटी मुलीचा अपघातच झाला. मी भांडलो, पण तितकंसं नाही. हप्ते मलाही भरायचे होते.

वर्षभरानं मालिका रेंगाळली आणि वाहिनीला अविनाश पुन्हा प्यायला हवा झाला. मॅडमनी सुचवलं, त्याची नोकरी जाते आणि तो खचतो. शालिकरावांनी मान हलवली. "दुःखात माणूस सांभाळून राहते. सगळे त्याच्याकडं पाहत असतात ना. त्याले एखाद्या बिनकामाच्या दुपारी जाऊ दे." मग थोडा वेळ ते माझ्या टेबलावरच्या चादरीचा दोरा काढत बसले, आणि मान वर न करता बोलू लागले. "पेण्याच्या आधी आठ दिवस माणूस लय चांगला होते. कोणी न सांगता घरातले कामं काढते. नळ गळत असला तं दुरुस्त करते. स्टुलावर चढून पंखे पुसते. बायकोले वाटते, काय सुधरला माणूस. तो माफी आधीच मागून ठेवत असते. त्याले सोताले बी माहीत नसते. मंग एक दिवस बारीकशा गोष्टीवर भांडण काढते. भांडणाबिगर घरातून निंगता येत नाई ना. निंगाले कारण पाह्यजे. एकदा भांडण झालं की धुतलेला शर्ट घालते अन् जाते."

"तुमचं असं झालं होतं?"

"तीनदा," ते म्हणाले.

मी ते जसंच्या तसं लिहिलं. अविनाश रविवारी दुपारी स्टुलावर चढून पंखा पुसतो, बायको खालून कौतुकानं पाहते, पार्श्वसंगीत नाही, काही नाही. तो भाग फेब्रुवारीच्या शेवटी लागला. लोकांनी इतकं खरं कधी पाहिलं नव्हतं, असे मेसेज मला महिनाभर येत राहिले. शालिकराव त्या संध्याकाळी पाहायला आले, पूर्ण भाग पाहिला, आणि पहिल्यांदाच काही निकाल न देता घरी गेले. भिंतीपलीकडचा टीव्ही त्या दिवशी मध्येच बंद झाला होता. हे मला नंतर आठवलं.

आता मार्च म्हणजे आमच्याकडे कूलर काढायचे दिवस. घराघरात पुरुष माणूस कूलरच्या जाळ्यांतलं जुनं गवत काढतो, नवं भरतो, टाकी घासतो, मोटार चालू करून पाहतो, आणि स्टूल काढलंच आहे तर पंख्यांवरूनही फडकं फिरवतो. विदर्भात हे कोणी कोणाला सांगावं लागत नाही. अशाच एका रविवारी मी माझ्या अंगणात माझ्या कूलरचं गवत भरत बसलो होतो. पलीकडच्या घरातून स्टूल सरकल्याचा आवाज आला. शालिकराव त्या आठवड्यात वर्ध्याला गेले नव्हते, अंग कसकसतंय म्हणाले होते. थोड्या वेळानं काकूंचा आवाज आला.

"काऊन पुसून राह्यले?"

"धूळ बसली हाय."

"मी सांगतलं होतं का?"

"नाई."

"मंग काऊन पुसून राह्यले?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता. तो खाली उतरला होता, आणि ते जास्त वाईट होतं. "कुठं जायाचं हाय?"

स्टूल पुन्हा सरकलं. मग शालिकराव म्हणाले, "तू मले तो अविनाश समजून राह्यली का वं?" त्यावर काकू काय बोलल्या ते मला कळलं नाही, पण पुढे आवाज वाढत गेले. चार-साडेचार वर्षांत त्या घरातून मी मोठा आवाज ऐकला नव्हता. मी हातात गवत धरून तसाच बसून राहिलो. उठून जायला हवं होतं. भिंतीपलीकडे जाऊन सांगायला हवं होतं, की काकू, सगळ्या गावात आज पंखे पुसणं चाललं आहे. मी ते केलं नाही, कारण मलाही खात्री नव्हती. तो प्रसंग मीच लिहिला होता.

दहा मिनिटांनी शालिकराव धुतलेला पांढरा शर्ट घालून बाहेर पडले आणि बसस्टँडच्या दिशेनं गेले. दिवस मावळायच्या आत परत आले. गल्लीतून अगदी सरळ चालत. माझ्या फाटकाशी थांबले आणि म्हणाले, "नमस्कार प्रशांतजी." मग आपल्या ओट्यावर गेले, चपला काढल्या, आणि वाकून त्या नीट लावून ठेवल्या.

ते बारा दिवस पीत राहिले. त्याबद्दल मी सांगणार नाही. तिसऱ्या दिवशी काकू एक पिशवी घेऊन यवतमाळला मुलीकडे निघाल्या. रिक्षात बसण्याआधी माझ्या फाटकाशी आल्या. मला वाटलं, आता बोलणी खायची. त्या एवढंच म्हणाल्या, "मले आता राग बी येत नाई बापा. म्हणूनच चालली."

तेराव्या दिवशी सकाळी शालिकरावांच्या घराचं दार उघडं दिसलं. मी चहा घेऊन गेलो. कप अर्धाच भरला होता, म्हणजे सांडणार नाही. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. चेहरा उतरला होता, पण डोळे ठिकाणावर होते. माझ्या पोटात बारा दिवस साठलेलं मी बोलून टाकायला सुरुवात केली. "काकाजी, हे माझ्यामुळं झालं. मी ते लिहिलं नसतं, तर काकूंना संशय..."

"थांब," ते म्हणाले. "ते बोलू नोको."

"पण खरं आहे ते."

"खरं असो नाईतं खोटं. मले कारण देऊ नोको. वीस वर्षं मी कारणंच जमा केले. तू अजून एक देशीन, तं मी ठेवून घेईन अन् कधीतरी काढीन." त्यांनी कप खाली ठेवला. "तू चूक केली असशीन तं ती तुह्यापाशी ठेव."

माझी माफी अशी त्यांनी परत केली, ती अजून माझ्याकडेच आहे. थोड्या वेळानं मी विचारलं, जे विचारायला नको होतं. काकूंनी हटकलं नसतं तर तुम्ही गेला असता का? त्यांनी खाली ठेवलेला कप जागच्या जागी फिरवला.

"तेच तं समजून नाई राह्यलं," ते म्हणाले. "मले वाटत होतं मी धूळ पुसून राह्यलो."

पुढचे दोन महिने मी या माणसाला जसं पाहिलं, तसं कोणाला एकटं पाहिलेलं नाही. घरात ते आणि भिंती. एप्रिल गेला, मे लागला, सकाळी दहानंतर गल्लीत कुत्रं फिरेना, लोक दारं-खिडक्या लावून कूलरसमोर पडून राहायचे. शालिकराव पुढचं दार सताड उघडं ठेवून, रस्त्यावरून दिसेल अशा जागी खुर्चीत बसून असत. झळा सरळ आत येत. मी म्हटलं, काकाजी, दार लावा, ऊन बाधेल. म्हणाले, "दार लावलं की लोकायले वाटते पेत असन. मले बी तसंच वाटते." रविवारी वर्ध्याला जात. तिथे ते पुन्हा नवे झाले होते आणि ज्यांना त्यांनी धीर दिला होता ती माणसं आता त्यांना धीर देत होती. रोज संध्याकाळी काकूंना फोन करत. त्यांचं बोलणं असं चालायचं: जेवलो. हो. पाणी आलं. हो. आज नाई, म्हणजे आज प्यालो नाही. आणि पलीकडून 'बरं'. फोन ठेवला की फोनकडे पाहत बसायचे. "तिनं मानू नये," मला म्हणायचे. "मी तिच्या जागी असतो तं मी बी मानलं नसतं." मग जरा वेळानं, "पण रिकाम्या घरात सोडलेली कोणाले सांगू मी? पाहाले तं कोणी पाह्यजे."

मालिका मे महिन्यात संपली. अविनाश शेवटच्या भागात देवळात गेला, कुटुंब मागे रांगेत उभं राहिलं, आणि सगळे हसले. ते दृश्य मीच लिहिलं होतं आणि शालिकरावांच्या शेजारी बसून पाहताना मला तोंड लपवावंसं वाटत होतं. मी वाट पाहत होतो की आता म्हणतील, धागा नाही निघत. ते म्हणाले, "बरं केलं. तो तं सुटला."

त्यानंतर आठवडाभरानं काकूंचा मला फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही. "पंखे पुसाचं ते तू त्यायले इचारून लिह्यलं होतं का?"

मी हो म्हणालो.

"त्यायनं सांगतलं तवा हसत होते का?"

"नाही काकू. खाली पाहत होते."

त्या म्हणाल्या, "मले कधी नाई सांगतलं. तीस वर्षांत एकदा बी नाई. मी आपली हुडकत बसली, का माणूस बिघडते कवा. तुले सांगतलं अन् साऱ्या महाराष्ट्रानं पाह्यलं." राग होताच, पण मला तो त्या दिवशीच्या राग नसण्यापेक्षा बरा वाटला. मी संध्याकाळी शालिकरावांना हे बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्या रात्रीचा त्यांचा फोन नेहमीसारखा मिनिटभराचा नव्हता. ते फोन घेऊन मागच्या अंगणात गेले आणि तासभर तिथेच फिरत राहिले. काय बोलले ते मी ऐकलं नाही आणि या वेळी लिहून ठेवायचीही इच्छा झाली नाही.

काकू आल्या तो दिवस माझा आर्वीतला त्या मुक्कामाचा शेवटचा दिवस होता. दुसऱ्या सकाळी मला कामासाठी मुंबईला निघायचं होतं, आणि मी तिकडून परतायच्या आत शालिकराव गेले, ते मला पुन्हा भेटले नाहीत. म्हणून जसं पाहिलं तसं सांगतो. संध्याकाळचे सहा वाजले होते, ऊन अजून गल्लीत होतं. रिक्षा थांबली. शालिकराव आधीपासून रस्त्यावर येऊन उभे होते. काकू उतरल्या, त्यांनी पिशवी पुढे केली, शालिकरावांनी ती घेतली. समोरच्या घरातल्या बायका दारात आल्या होत्या, आणि मीही फाटकाला धरून उभा होतो. रिक्षावालासुद्धा पैसे घेऊन निघायचं सोडून थांबला होता.

मग शालिकराव वाकले. त्या ठेंगण्या बाईच्या तोंडासमोर आपलं तोंड येईल इतके खाली वाकले आणि सगळ्या गल्लीदेखत त्यांनी तोंड उघडून श्वास सोडला. कोणी मागितलं नव्हतं. काकूंनी तोंड फिरवलं नाही. त्यांनी डोळे मिटले आणि नीट वास घेतला. शालिकरावांनी पुन्हा एकदा श्वास सोडला, आणि तसेच वाकून थांबले.

"आजचं ठीक हाय," काकू म्हणाल्या. "पिशवी आत घ्या. लोणच्याची बरणी हाय त्यात, आडवी धरू नका."